सुगीच्या उत्सवात उत्पादकांच्या दारी : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मध, चीज, तेल, पीठ, द्राक्षाचा रस हे सगळं आपल्यापर्यंत बाटलीत नाहीतर पिशवीत येतं. जिथे ते तयार होतं तिथली दारं एरवी बंद असतात. सुगीच्या उत्सवात ती दोन-चार दिवस उघडतात. कुणीतरी आपल्याला आत नेतं, काम दाखवतं, चव देतं, प्रश्नांना उत्तरं देतं. पण ज्यांच्याकडे आपण जातो त्यांच्यासाठी वर्षातले सगळ्यात घाईचे दिवस नेमके हेच असतात. झाडावर पिकलेलं फळ पाहुण्यांसाठी थांबत नाही आणि सकाळचं दूध आजच कढईत जावं लागतं. ही एक गोष्ट मनात धरली की कुठे जायचं, किती वाजता जायचं, काय विचारायचं आणि कुठे गप्प उभं राहायचं हे बरंचसं आपोआप ठरतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा एका दिवसात सहा ठिकाणं केली. प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, एक घोट, एक फोटो. रात्री बरण्या मांडून बसले तर कुठलं तेल कुणाकडचं हेही आठवेना, आणि ज्या बाईंनी मला मशीन बंद करून घाणा दाखवला होता त्यांचा चेहरासुद्धा नीट आठवेना. त्याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी दिवसाला दोन ठिकाणं ठेवते, फार तर तीन. नव्याने जाणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच असतं.

पायरी १ : आधी पीक बघा, मग तारीख

उत्सव आहे म्हणजे सुगी चालू आहे, असं धरून चालू नका. स्वित्झर्लंडमधल्या वेवे गावचा द्राक्षबागाइतदारांचा उत्सव जगप्रसिद्ध आहे. एका पिढीतून जेमतेम एकदा होतो, २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला, शेवटचा २०१९ साली झाला. पण तो झाला जुलै-ऑगस्टमध्ये, म्हणजे द्राक्षं अजून वेलीवर हिरवी असताना. सोहळा बघायचा तर तो अप्रतिमच, पण द्राक्ष तोडणी बघायला गेलेला माणूस तिथून रिकाम्या हाताने परतेल. याच्या उलट स्पेनमधल्या कोन्सुएग्राचा केशराचा उत्सव. १९६३ पासून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याच्या शेवटी भरतो आणि केशराची फुलंही त्याच सुमारास उमलतात. फुलातले लाल तंतू कोण झरझर वेगळे करतं याची तिथे स्पर्धाच असते. एका ग्रॅमभर केशराला साधारण दीडशे फुलं लागतात, हे वाचून कळतं ते वेगळं आणि एखाद्या आजींची बोटं चालताना बघून कळतं ते वेगळं.

तिसरा प्रकार मुरवलेल्या पदार्थांचा. चीज किंवा खारवलेलं मांस वर्षभर तयार होत असतं, उत्सव फक्त दार उघडण्याचं निमित्त. इटलीत पार्माजवळ सप्टेंबरमध्ये हॅमच्या उत्सवात 'फिनेस्त्रे आपेर्ते', म्हणजे उघड्या खिडक्या, या नावाने उत्पादक आपल्या मुरवणीच्या खोल्या दाखवतात. इथे तारखेची काळजी कमी, कारण जे लटकलेलं दिसतं ते आज खाण्यासाठी नाहीच.

म्हणून आयोजकांना एकच प्रश्न स्पष्ट विचारा : "त्या दिवशी, त्या वेळी काम चालू असेल का?" उत्तर "सगळं दाखवतो" असं मोघम आलं, तर तुम्हाला धुऊन पुसून ठेवलेली यंत्रं आणि एक छोटा व्हिडिओ बघायला मिळण्याची शक्यता आहे. तेही वाईट नाही, पण त्यासाठी सुगीतच जायची गरज नाही. तोडणीची तारीख महिनाभर आधी कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, हेही लक्षात घ्या. द्राक्षबागेत तर रोज चार मणी चुरडून रिफ्रॅक्टोमीटरने साखर मोजतात आणि दोन-तीन दिवस आधी ठरवतात. म्हणून मुक्काम ठरवताना एक दिवस मोकळा ठेवा.

पायरी २ : फेरीचा प्रकार निवडा

ढोबळपणे तीन प्रकार भेटतील. पहिला, वाहन आणि मार्गदर्शक दोन्ही असलेली आखलेली फेरी. दुसरा, नकाशा हातात घेऊन आपल्या आपण फिरायचं, प्रत्येक ठिकाणी तिथलीच माणसं दाखवतात. तिसरा, थोडा वेळ हाताला काम देणारा : अर्धा दिवस सफरचंदं तोडा, मग त्यांचाच रस काढताना बघा.

पहिल्या वेळेला मार्गदर्शकाबरोबर अर्धा दिवस जावं, असं माझं मत आहे. चांगला मार्गदर्शक दोन कामं करतो. यंत्राच्या आवाजात जे ऐकू येत नाही ते बाहेर सावलीत उभं करून आधीच सांगतो. आणि उत्पादकाला कधी त्रास द्यायचा नाही हे त्याला ठाऊक असतं. दुसऱ्या दिवशी मग नकाशा घेऊन एकट्याने फिरा. तोवर काय बघायचं ते डोळ्यांना कळायला लागलेलं असतं. बुकिंग करताना गटात किती माणसं असतील ते जरूर विचारा. दहा-बाराच्या वर गेलं की मागच्यांना घाण्याच्या घरघरीत काही ऐकू येत नाही आणि ते फोनमध्ये डोकं घालतात. हाताला काम देणारी फेरी मला सगळ्यात जास्त आवडते, पण ती दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवा.

पायरी ३ : वेळ कामाच्या घड्याळाने ठरवा

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सगळ्यात जास्त निराशा इथेच पदरी येते. लोक नाश्ता आवरून अकराला पोचतात आणि चीज बनवणारे तोवर भांडी धूत असतात. पार्मिजानो या इटालियन चीजचं उदाहरण घ्या. आदल्या संध्याकाळचं दूध रात्रभर ठेवून त्यावरची साय काढतात, त्यात सकाळचं ताजं दूध मिसळतात आणि तांब्याच्या मोठ्या कढईत काम सुरू होतं. दूध गोठतं, ते तारांच्या फेटणीने बारीक फोडतात, गरम करतात, तळाशी बसलेला गोळा फडक्यात धरून उचलतात आणि दोन भाग करतात. चीजचं एक चाक, म्हणजे चाकासारखी गोल लादी, साधारण चाळीस किलोचं असतं आणि त्याला सुमारे साडेपाचशे लिटर दूध लागतं. हा सगळा सोहळा सकाळी उरकतो. तो चुकला की उरतात फक्त फळ्यांवर मांडलेली चाकं. तीही बघण्यासारखी असतातच, पण तो गोळा वर येतानाचा क्षण पाहिल्यावर माणूस चीज वेगळ्या नजरेने कापतो.

ऑलिव्हच्या घाण्याचं उलट. शेतकरी दिवसभर तोडणी करून संध्याकाळी क्रेट घेऊन येतात. फळ ढिगात पडून राहिलं की तापतं आणि तेल बिघडतं, म्हणून घाणा रात्री उशिरापर्यंत चालतो. संध्याकाळची फेरी मिळाली तर तीच घ्या. रांगेत उभे असलेले शेतकरी, प्रत्येकाची नजर आपल्याच तेलाच्या धारेवर, आणि सगळीकडे कापलेल्या गवतासारखा वास. सकाळी दहाला त्याच घाण्यात शुकशुकाट असतो.

केशराची फुलं पहाटे खुडतात. द्राक्षं अनेक ठिकाणी पहाटे किंवा रात्रीच तोडतात, थंड फळ लवकर आंबू लागत नाही म्हणून. मधमाश्यांच्या पेट्या मात्र ऊन असलेल्या, वारा नसलेल्या दुपारी बघाव्यात. तेव्हा बऱ्याच माश्या बाहेर मध गोळा करत असतात, पेटीत गर्दी कमी असते आणि त्या शांतही असतात. ढगाळ, वादळी दिवशी मधमाशीपालकाने पेटी उघडायला नकार दिला तर त्याच्याशी वाद घालू नका.

पायरी ४ : बुकिंग करताना हे विचारून घ्या

पायऱ्या-चढ किती आहेत, लहान मुलांना चालतं का, फेरी कुठल्या भाषेत आहे, चव शुल्कात धरलेली आहे का, पाऊस आला तर काय. आणि ॲलर्जी. सुकामेवा, गव्हाचं पीठ, दूध किंवा मधमाशीच्या डंखाची ॲलर्जी असेल तर ती बुकिंगच्या वेळीच सांगा, दारात पोचल्यावर नको. गिरणीत पीठ हवेत असतं, ते टाळता येत नाही.

पायरी ५ : काय घालायचं, काय न्यायचं

बंद, न घसरणारे, धुता येतील असे बूट. सँडल अजिबात नको. घाण्यात फरशी तेलकट असते, चीजच्या जागी ओली, बागेत चिखल.

बूट स्वच्छ असणं ही आणखी महत्त्वाची गोष्ट. जनावरं असलेल्या ठिकाणी दारात जंतुनाशकाचा ट्रे ठेवलेला असतो आणि बरेच लोक तो ओलांडून जातात. तसं करू नका. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची साथ आली तेव्हा ग्रामीण भागातल्या पायवाटा लोकांसाठी बंद कराव्या लागल्या आणि ६० लाखांहून अधिक जनावरं मारावी लागली. डुकरांना न उकळता घातलेल्या खरकट्यातून ती साथ सुरू झाली, असा निष्कर्ष निघाला. म्हणून डब्यातलं उरलेलं प्रेमाने जनावराला भरवायचं नाही, मूल कितीही हट्ट करो. आठवडाभरात दुसऱ्या कुठल्या गोठ्यात गेला असाल तर तेही आधी सांगा.

अत्तर, वासाचं तेल, तीव्र वासाची क्रीम त्या दिवशी लावू नका. मधमाश्या त्याने बिथरू शकतात आणि चव घेणाऱ्या शेजाऱ्याला तेलाच्या जागी तुमचाच वास येतो. पेट्यांजवळ फिकट रंगाचे, अंगभर, गुळगुळीत कापडाचे कपडे बरे. गडद आणि लोकरी कपड्यांनी माश्या चिडतात. पण मुरवणीच्या तळघरात भर उन्हाळ्यातही गारठा असतो, म्हणून पिशवीत एक स्वेटर असू द्या आणि तो तिथेच घाला. अंगठ्या, लोंबती कानातली, ओढणी यंत्राजवळ नको. पाण्याची बाटली, कापडी पिशवी, विकत घेतलेलं ठेवायला बर्फाचा छोटा डबा आणि पेन्सिल. पेन्सिल अशासाठी की ओल्या हातांनीही लिहिता येतं.

पायरी ६ : आत गेल्यावर

पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभे राहा. कुणाच्या हातात गरम किंवा जड काही असेल तेव्हा प्रश्न विचारू नका. माणसांचे फोटो काढण्याआधी त्यांना विचारा. तोडणीला आलेल्या मजुरांनाही विचारा, कारण त्यांना कुणीच विचारत नाही.

काही धोके दिसत नाहीत, ते माहीत असायला हवेत. द्राक्षाचा रस आंबताना कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघरात आणि टाकीत साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. दर हंगामात जाणती माणसंसुद्धा त्यासमोर सावध असतात. मार्गदर्शकाच्या आधी तळघरात उतरू नका आणि टाकीत डोकावू नका. गिरणीत काडी ओढायची नाही, कारण हवेत तरंगणारं पीठ स्फोटासारखं पेट घेतं. २ मे १८७८ ला अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात एक प्रचंड मोठी गिरणी अशीच उडाली आणि १८ माणसं दगावली. आणि धान्याच्या कोठारात मुलांना ढिगावर चढू देऊ नका. वरून घट्ट दिसणारा ढीग खालून धान्य सरकलं की माणसाला आत ओढतो.

जनावराला हात लावला तर साबण-पाण्याने हात धुवा. नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

पायरी ७ : प्रश्न

"हे सेंद्रिय आहे का?" असं विचारलं की हो किंवा नाही येतं आणि संभाषण संपतं. मी आता सुरुवात अशी करते : "यंदाचं पीक मागच्या वर्षीपेक्षा कसं आहे?" हे विचारलं की माणूस हातातलं काम ठेवून बोलू लागतो. फुलोऱ्यात पडलेला पाऊस, उशिरा आलेली थंडी, तोडायला माणसं न मिळणं, सगळं बाहेर येतं. "यातलं कुठलं काम तुम्ही कुणालाच देत नाही?" हाही माझा आवडता प्रश्न. कुणी मीठ चोळणं सांगतं, कुणी आंच ठरवणं, कुणी चव. पार्माच्या हॅमची तपासणी घोड्याच्या हाडाच्या सुईने करतात : सुई मांसात खुपसून लगेच नाकाशी नेतात. ते हाड वास पटकन धरतं आणि पटकन सोडतं, म्हणून पुढच्या ठिकाणी पुन्हा वापरता येतं. आपण कितीही वाचलं तरी ते नाक आपल्याला मिळत नाही. मग ते कसं तयार झालं, कुणाकडून शिकलात, हे विचारावं.

उरतं त्याचं काय करता, हेही विचारा. चीज काढल्यावरचं पाणी, पिळलेल्या फळाचा चोथा, पोळ्याचं मेण. उत्पादक नीट काम करतो की नाही हे मला त्या उत्तरातून जितकं कळतं तितकं कुठल्याच प्रमाणपत्रातून कळत नाही.

मधाच्या ठिकाणी खोलीची दारं-खिडक्या घट्ट बंद का, असा प्रश्न पडेल. मध उघडा दिसला की आसपासच्या माश्या लुटायला येतात, अगदी शेजारच्या पेट्यांमधल्यासुद्धा. चौकट काढताना बघाल तर घरांवर मेणाची झाकणं दिसतील. मधातलं पाणी पुरेसं आटलं की माश्याच तशी झाकणं घालतात. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे मधात पाणी २० टक्क्यांहून जास्त असू नये, नाहीतर तो आंबतो. कच्च्या फुलरसात त्याच्या कितीतरी पट पाणी असतं. ते सगळं पंख हलवून आटवलेलं असतं, हे सांगितल्यावर मुलं एकदम शांत होतात.

पायरी ८ : चव

सौम्याकडून तीव्राकडे जा. ताजं चीज आधी, जुनं नंतर. मध्ये पाणी आणि साध्या पावाचा तुकडा. भरपेट जाऊ नका आणि रिकाम्या पोटीही जाऊ नका.

ताज्या ऑलिव्ह तेलाचा घोट घेतल्यावर घशात ठसका लागला, तर तेल खराब आहे असं समजू नका. तो ठसका ओलिओकँथल नावाच्या घटकामुळे लागतो. इबुप्रोफेन या वेदनाशामकासारखाच तो काम करतो, हे २००५ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. कडवटपणाही ताजेपणाचीच खूण. व्यावसायिक परीक्षक तर तेल निळ्या पेल्यात घेतात, रंग बघून मन आधीच ठरू नये म्हणून. तुम्हीही निदान पहिल्या घोटाला डोळे मिटून बघा.

वाइन चाखून थुंकली तर कुणाला राग येत नाही. त्यासाठी भांडं ठेवलेलंच असतं. गाडी चालवणाऱ्याने चाखायचीच नाही. एक वर्षाखालच्या बाळाला मध बोटाला लावूनसुद्धा देऊ नका, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. गरोदर बायकांनी न तापवलेल्या दुधाचं चीज टाळावं. जमिनीवर पडलेल्या सफरचंदांचा कच्चा रसही मुलं आणि म्हाताऱ्या माणसांना नको. हे विचारायला संकोच वाटला तर "पाश्चराइज्ड आहे का?" एवढंच विचारा. चांगल्या उत्पादकाला या प्रश्नाचा कधीच राग येत नाही.

पायरी ९ : विकत घेताना

शुल्क भरून आला असाल तर खरेदीची सक्ती नसते. फेरी फुकट असेल आणि त्यांनी तासभर दिला असेल तर मात्र लहानशी का होईना, एखादी बाटली घ्यावी असं मला मनापासून वाटतं. भावात घासाघीस करू नका. तो चीजचा जड गोळा उचलताना तुम्ही पाहिलाय.

तयार झाल्याची किंवा तोडणीची तारीख विचारून लेबलवर लिहून घ्या. न गाळलेलं, गढूळ तेल आधी संपवा. ते उजेडापासून आणि उष्णतेपासून दूर ठेवा. मध गोठला म्हणजे भेसळ असं नाही. बरेचसे मध गोठतातच, बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतात. विमानाने परतणार असाल तर हातातल्या सामानात अनेक विमानतळांवर १०० मिलिलिटरहून मोठी बाटली चालत नाही. मांस, दुधाचे पदार्थ आणि ताजी फळं अनेक देश सीमेवर काढून घेतात, तेव्हा नियम निघण्याआधीच बघा.

घरी आल्यावर

त्याच रात्री, हात धुऊन झाल्या झाल्या, प्रत्येक ठिकाणाबद्दल चार ओळी लिहा : कोण भेटलं, काय चालू होतं, काय वास होता, काय विचारायचं राहिलं. काढलेल्या फोटोंमधला एखादा चांगला त्यांना पाठवा. सुगीत त्यांना स्वतःचे फोटो काढायला वेळ नसतो आणि कामात मग्न असलेला आपला हात बघून त्यांना फार आनंद होतो. सोबत राहिलेला प्रश्न लिहा. उत्तर लगेच येणार नाही. हंगाम आवरला, यंत्रं धुऊन ठेवली, की येईल. तेव्हाच विचारून ठेवा की छाटणीच्या किंवा पेट्या दुरुस्त करायच्या दिवसांत आलं तर चालेल का. तेव्हा गर्दी नसते, त्यांना वेळ असतो आणि चहाला बसायला सांगतात.